अर्ध्या सदऱ्याचं पाप

पाच आठवड्यांत त्या कड्याखाली एकोणीस माणसांवर आग्या माश्या तुटून पडल्या. एकोणीसच्या एकोणीस जण निसर्ग मंडळाच्या रविवारच्या सहलीला आलेले होते. त्याच वाटेने, त्याच कड्याखालून, दर शनिवारी मोहोळबाबांची ‘अंतःकरणशुद्धीची पदयात्रा’ जात असे. तिच्यातल्या एकालाही नांगी लागली नाही. एकोणिसावा माणूस निवृत्त पोस्टमन होता. तो मेला.

पोस्टमन गेल्यानंतरच्या रविवारी सकाळी आठ वाजता मंडळाच्या कचेरीची पहिली काच फुटली.

कचेरी म्हणजे टेकडीच्या पायथ्याची एक खोली. भिंतीवर वाटांचे नकाशे, काचेच्या पेट्यांत पक्ष्यांची रिकामी घरटी, दाराशी चालायच्या काठ्यांची घडवंची आणि कोपऱ्यात प्रथमोपचाराची पिशवी. एरवी या वेळी तिथे सहा वर्षांच्या मुलांपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत पंधरा-वीस जण बुटांच्या नाड्या बांधत बसलेले असत. आज बाहेर दोनशे माणसं होती आणि दुसरा दगड येऊन घरट्यांच्या पेटीवर पडला.

“त्या शेपटाला बाहेर काढा!”

शेपूट हा शिट्टीताईचा धाकटा भाऊ. दोन्ही नावं सहलीला येणाऱ्यांनीच ठेवलेली. ताई रांगेच्या पुढे चालायची आणि गळ्यातली शिट्टी वाजवून लोकांना थांबवायची. भाऊ रांगेच्या शेवटी चालायचा. शेवटचा माणूस याचा मंडळात एकच अर्थ होता: त्याच्या मागे कुणी राहता कामा नये. पोस्टमनवर माश्या आल्या तेव्हा शेपटानेच आपलं जाकीट त्याच्या डोक्यावर टाकलं होतं आणि स्वतःच्या मानेवर चाळीस नांग्या घेतल्या होत्या. डॉक्टरांनी त्याला दोन रात्री ठेवून घेतलं आणि सोडताना ताईला बाजूला नेऊन सांगितलं, “याचं शरीर आता या विषावर उलटलंय. पुढच्या वेळी चाळीस लागणार नाहीत. एक पुरेल. घसा सुजेल आणि दहा मिनिटांत संपेल.”

दार कडीसकट उखडलं. सर्वांत पुढे पोस्टमनचा मुलगा होता. धंद्याने वेल्डर, पंजे पाटीएवढे. त्याने घडवंचीवरची काठी उचलली आणि काही न विचारता शेपटाच्या तोंडावर मारली. दोन दात नकाशाखाली जाऊन पडले. मग इतरांना धीर आला. कुणी पोटात लाथ घातली, कुणी पेट्या आपटल्या. एका आजींनी शेपटाचा कान धरून पिळला. याच आजींच्या नातीला त्याने मागच्या महिन्यात ओढ्यापलीकडे खांद्यावरून नेलं होतं, आणि तेव्हा आजींनी त्याला ‘गुणाचं पोर’ म्हटलं होतं.

“अहो, काय करताय! तो वाचवायला गेला होता!” ताई मध्ये घुसली, तर कुणीतरी तिला कोपराने ढकलून काठ्यांवर पाडलं.

“वाचवायला?” वेल्डर ओरडला. “माझा बाप काळानिळा झाला आणि हा जिवंत! बाबा म्हणाले ते खोटं का? पाप याचं, माश्या आल्या याच्यासाठी आणि वाटेत सापडला माझा बाप!”

“बाबांना येऊ द्या! बाबांना पुढे येऊ द्या!”

मोहोळबाबा पुढे आले. उंच, पांढरेशुभ्र, आवाज असा की गाणं शिकवायला बसले असते तर बरं झालं असतं. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी टेकडीच्या फाटकापाशी तंबू ठोकला आणि पहाऱ्याला एक माणूस ठेवला. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर ते हात ठेवत आणि म्हणत, “तुझं ओझं मी पाहिलं.” मंडळाच्या माणसांच्या खांद्यावरही ठेवत. ताईला ते रुचत नव्हतं, पण वाटेवर कुणाशी वाद घालायचा नाही असा मंडळाचा नियम होता. पोस्टमन तेवढा हसायचा. “बाबा, मी जन्मभर लोकांची ओझी वाहिलीत, पाकिटावर तिकीट लावून. तुमचं बिनतिकिटाचं दिसतंय,” असं तो त्या शेवटच्या रविवारी म्हणाला होता. बाबाही हसले होते आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.

“लेकरांनो,” बाबांनी हात वर केले. “मारू नका. न्याय माणसाचा नसतो. माशीला डोळे किती? पाच! दोन डोळ्यांनी ती फूल बघते. उरलेल्या तीन डोळ्यांनी ती काळीज बघते. काळजातल्या काळ्या लहरी तिच्या पंखांना जाऊन धडकतात आणि ती बेचैन होते.”

माशीला पाच डोळे असतात हे खरं. अशा प्रत्येक प्रवचनात एक खरं वाक्य ठेवलेलं असतं. बाकीची त्याच्या आधारावर उभी राहतात.

“याला कड्याखाली न्या,” बाबा म्हणाले. “एकटा उभा करा. यात्रेची घंटा वाजवा. निष्पाप असेल तर माश्या हलणार नाहीत. मी स्वतः त्याला आशीर्वाद देतो.” आणि त्यांनी शेपटाच्या उजव्या खांद्यावर डावा हात ठेवला. मऊपणे, चांगला दाबून.

इथवर सगळं बाबांच्या मनासारखं झालं. हात ठेवून झाला की ते नेहमी तंबूत जात आणि पडद्यामागे हात धूत. पण आज लोक ऐकायला तयार नव्हते. “बाबा, तुम्हीही चला! तुमच्या डोळ्यांदेखत होऊ दे!” बाबांनी गुडघेदुखीची सबब सांगितली, चार तरण्या माणसांनी त्यांना उचलून खांद्यावर घेतलं. बाबा खांद्यावरून “अरे, खाली ठेवा, हात तरी धुऊ द्या” म्हणत राहिले आणि जमाव त्यांचा जयजयकार करत राहिला.

वाट ताईच्या पायांना पाठ होती. ती वेल्डरच्या पुढे चालत होती, कारण दोघांनी तिचे दंड धरले होते. प्रथमोपचाराची पिशवी तिने निघताना उचलली होती आणि ती कुणी हिसकावली नव्हती. मागे शेपटाचे पाय खडकांवर घासत येत होते. त्याला फरफटत आणत होते. त्याचं रक्त वाटेवर ठिपक्याठिपक्यांनी पडत होतं, आणि तिला राहून राहून एकच आकडा आठवत होता. एक. एक पुरेल.

कड्याच्या अलीकडे शंभर पावलांवर सपाट माथ्याचा एक लांबरुंद खडक आहे. मंडळाच्या सगळ्या सहली तिथे थांबतात. लहान मुलं पाणी पितात, म्हातारे गुडघे चोळतात, आणि मंडळाची केळी वाटली जातात. सालं पिशवीत परत न्यायची, हा नियम. गेली नऊ वर्षं त्या खडकाला केळीचा वास यायचा आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे.

जमाव दमून थांबला. शेपटाला ताईच्या पायांशी टाकलं. ती वाकली आणि तिला केळीचा वास आला.

तिने खडकावर नजर फिरवली. आज केळी नव्हती. केळ्यांची टोपली कचेरीतच उलटली होती आणि लोकांनी तुडवली होती.

तिने भावाच्या उजव्या खांद्याला नाक लावलं.

“काय करतेस, ताई?” त्याला फुटक्या ओठांनी नीट बोलता येत नव्हतं.

“वास घेतेय. गप्प पड.”

“मला कुठे कळतोय वास.”

त्याला खरंच कळत नव्हता. सहा वर्षांपूर्वीच्या तापात त्याचं नाक कायमचं गेलं होतं. आणि ती स्वतः नेहमी रांगेच्या पुढे असायची. मागच्या माणसांच्या खांद्यांना कसला वास येतो हे तिला कधी कळायचं कारण नव्हतं. कळलं असतं तरी तिने मंडळाच्या केळ्यांवर ढकललं असतं.

हा वास केळीचा नव्हता. केळीपेक्षा तो टोकदार होता, गोळ्या-बिस्किटांच्या कारखान्याचा होता. मंडळात येण्याआधी ताई बावीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. दरवर्षी ती दोन द्रव परीक्षानळीत तापवून मुलांना हा वास दाखवायची. मुलं नाक खुपसून “केळं! केळं!” ओरडायची. आणि गेली नऊ वर्षं याच खडकावर उभी राहून ती मुलांना एक गंमत सांगत आली होती: माशी नांगी मारते तेव्हा एक रसायन सोडते, त्याला केळीसारखा वास येतो, तो वास म्हणजे बाकीच्या माश्यांना हाक, ‘इथे मारा’.

दर रविवारी ती उत्तर सांगत होती. प्रश्न मात्र तिला आज दिसला.

तिने शिट्टी फुंकली. जमाव सवयीने गप्प झाला. त्यातले निम्मे कधी ना कधी तिच्या सहलीला आलेले होते.

“वेल्डर,” ती म्हणाली, “तुझ्या वडिलांना घरी आणलं, तेव्हा त्यांच्या कोटाला कसला वास येत होता?”

“बडबड नको. चल पुढे.”

“कसला वास येत होता?”

वेल्डर थांबला. “केळ्याचा. तुमच्या सहलीत खाल्लं असेल.”

“त्यांना साखरेचा आजार होता ना?”

 तो हळूच म्हणाला, “तीस वर्षांत केळं खाल्लं नाही त्यांनी.”

“आता याचा खांदा हुंग.”

वेल्डर गुडघ्यांवर बसला. ज्याचे दात त्याने पाडले होते त्याच्या खांद्याजवळ त्याने तोंड नेलं. मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. तो राग नव्हता. रागाने नुकताच पत्ता गमावला होता.

“ही नास्तिकाची चाल आहे!” बाबा खांद्यांवरून गरजले. “पापाला वास असतोच! काळ्या काळजातून तो—”

“मान्य,” ताई म्हणाली. “पाप याचं आहे, वास पापाचा आहे. मग तो याच्या अख्ख्या सदऱ्याला हवा. घाम त्याचा, रक्त त्याचं. मी सदरा मधोमध फाडते. उजवा अर्धा एका काठीवर, डावा अर्धा दुसरीवर, दोन्ही कड्याखाली. घंटा वाजवा. माश्या दोन्हींवर आल्या तर मी भावाचा हात धरून स्वतः त्याला कड्याखाली उभं करते.”

“आणि एकावरच आल्या तर?” आजींनी विचारलं.

“तर बाबांनी सांगावं, माणूस उजवीकडून तेवढा पापी कसा असतो.”

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. बाबा खाली उतरण्याची धडपड करू लागले. “घंटा नको. आज मुहूर्त नाही. माश्यांची शांती—”

“का?” वेल्डर उठला. “तासाभरापूर्वी न्याय हवा होता. आता नको?” त्याने बाबांच्या माणसाच्या हातून घंटा घेतली. मग शेपटाचा सदरा अंगावरून काढून त्याने दोन्ही मुठींनी ओढला. कापड किंचाळत फाटलं.

ताईने पिशवीतल्या साबणाने आणि पाण्याने भावाचा खांदा दोनदा घासला, त्याला बचावाच्या घोंगडीत, डोळ्यांपुरती फट ठेवून, डोक्यापासून पायांपर्यंत गुंडाळलं आणि झुडपात बसवलं. सगळ्यांना खडकाच्या मागे खाली बसायला लावलं. हात हलवायचे नाहीत, पळायचं नाही. मग दोन काठ्या घेऊन ती एकटी निघाली.

कड्याला सात पोळी लटकत होती, काळी, माणसाएवढी. ती सावकाश चालली. उजवा अर्धा तिने हात लांब करून धरला होता. दोन भेगांमध्ये, एकमेकांपासून दहा पावलांवर, तिने काठ्या रोवल्या. एक माशी येऊन तिच्या मनगटावर बसली, चालली, उडाली. ताई तितक्याच सावकाश परत आली. 

“वाजव,” ती म्हणाली.

घंटा वाजली. क्षणभर काहीच झालं नाही. मग कड्याच्या माथ्यावरून मूठभर खडी सुटली. दोनशे माणसांनी ती पाहिली. मागोमाग दुसरी मूठ आली. दगड पोळ्यांवर आपटले आणि पोळी फुटल्यासारखी उघडली.

आवाज आधी आला. मग हवा काळी झाली. माश्या खाली उतरल्या, भिरभिरल्या आणि उजव्या अर्ध्यावर कोसळल्या. कापड दिसेनासं झालं. काठीवर एक जिवंत, गुरगुरणारा गोळा उरला. दहा पावलांवर डावा अर्धा वाऱ्यावर हलत होता. त्यावर चार माश्या होत्या.

 आणि तेव्हाच बाबा पळाले.

बसून राहिले असते तर बहुधा वाचले असते. पण पाच डोळ्यांबद्दल इतकं ठाऊक असलेल्या माणसाला, माशी हलणाऱ्या वस्तूमागे जाते, एवढंच ठाऊक नव्हतं. किंवा होतं आणि भीतीपुढे टिकलं नाही. ते हात हलवत वाटेवरून धावले. डाव्या हाताभोवती आधी वीस, मग दोनशे माश्या जमल्या. बाबा हात झटकत, किंचाळत गोल गोल फिरले. धडपडले. हात अंगाखाली दाबला, तर माश्या अंगावर बसल्या. खडकाच्या मागे दोनशे माणसं तोंडात पदर, रुमाल कोंबून पाहत राहिली.

“ताई!” झुडपातून शेपटाचा आवाज आला. “एक मागे राहिला!”

नऊ वर्षांची सवय. त्याला दिसत होतं कोण राहिला ते, तरी हाक तीच. ताईने दात आवळले, पिशवीतली दुसरी घोंगडी काढली आणि गेली. तिने ती बाबांवर टाकली, कडा दाबल्या आणि त्यांना माणसाच्या लांबीच्या गाठोड्यासारखं ओढत खडकाच्या आडोशाला आणलं. तिला अकरा नांग्या लागल्या. त्यातल्या दोन पापणीवर.

अर्ध्या तासाने माश्या निवल्या. दोघा जणांनी मागून चढून माथ्यावरचा माणूस खाली आणला. तंबूत पहारा करायचा तोच; सकाळीच वर पाठवलेला, खांद्याला खडीची झोळी, आणि घंटा ही त्याची खूण. बाबांच्या कमरेला पत्र्याची चपटी डबी सापडली. मिठायांत घालायचा केळीचा अर्क, घट्ट मलमात कालवलेला.

मग जमाव पुन्हा उठला. तीच माणसं, तेच हात. कुणी बाबांच्या बरगडीत लाथ घातली. वेल्डरने दोन्ही हातांनी धोंडा उचलला आणि तो घोंगडीतल्या डोक्याशी उभा राहिला.

ताईने शिट्टी फुंकली. छातीत हवा होती तेवढी.

“बाजूला हो,” वेल्डर म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “माझा बाप मारला यानं.”

“हो, मारला.”

“मग?”

“मग सकाळी आठ वाजता तू माझा भाऊ मारत होतास. तेव्हाही तुला एवढीच खात्री होती.”

धोंडा तसाच वर होता. 

“आता बरोबर माणूस सापडलाय, असं तुला वाटतं,” ताई म्हणाली. “सापडलाय. पण तो तुमच्या रागाने नाही सापडला. एका फडक्याचे दोन तुकडे केले म्हणून सापडला. हा जिवंत राहिला तर कोर्टात सांगेल, किती जणांच्या खांद्यावर हात ठेवला आणि का. मेला तर उद्या याच्या नावाने इथे घुमटी उभी राहील आणि पुढच्या वर्षी दुसरा येईल, दुसरी डबी घेऊन.”

वेल्डरने धोंडा बाजूला टाकला. तो शेपटाजवळ गेला आणि त्याने त्याला पाठीवर घेतलं. शेपूट घोंगडीतून म्हणाला, “सावकाश, दादा. मी शेवटी चालतो. माझ्यामागे कुणी राहिलंय का बघ.”

संध्याकाळी डॉक्टरांनी चिमट्याने नांग्या काढल्या आणि संख्या लिहून घेतली. बाबांचा डावा हात: एकशे तेरा. उजवा हात: दोन. शेपूट: शून्य.

त्या आठवड्यात मंडळाच्या कचेरीच्या दारावर, जिथे सहलींची पत्रकं लावतात तिथे, ताईच्या अक्षरात एक कागद लागला. दार अजून उखडलेलंच होतं. कागद चौकटीवर ठोकला होता.

‘कड्याखालची सहल तूर्त बंद आहे. पक्षी आणि पानांचे कार्यक्रम ओढ्याकाठी नेहमीप्रमाणे होतील. लहान-थोर सर्वांनी यावे. यापुढे वाटेवर केळी वाटली जाणार नाहीत. केळ्यांमुळे हल्ले झाले नाहीत, पण त्यांच्या वासामुळे खरा वास आमच्या लक्षात आला नाही. ही आमची चूक आहे. कुणी चमत्कार सांगितला तर त्याला मारू नका आणि त्याच्या पायाही पडू नका. चमत्काराचे दोन भाग करा आणि दोन्ही तपासा.

हल्ल्यांचे कारण असे: माशी नांगी मारताना जे रसायन सोडते, तेच केळीच्या अर्कात असते. मोहोळबाबा आपल्या पदयात्रेतल्या लोकांच्या खांद्यावर कोरडा उजवा हात ठेवत, आणि आमच्यातल्या निवडक लोकांच्या खांद्यावर अर्क लावलेला डावा. आमची माणसे कड्याखाली आली की त्यांचा मनुष्य वरून पोळ्यांवर खडी टाकी. चिडलेल्या माश्या जिथे वास होता तिथे गेल्या, आणि बाबांची यात्रा तेवढी शुद्ध ठरली.’

खाली पेन्सिलीने, वेल्डरच्या जाड अक्षरात, एक ओळ कुणालाही न विचारता घातलेली होती: ‘माझ्या वडिलांच्या कोटाला हाच वास होता.’